टायरचा साइज बदलायचाय? दुकानात जायच्या आधी हे घरी करा

माझी स्विफ्ट व्हीडीआय, २०१३ ची. कंपनीतून आलेला टायर १६५/८० आर १४. दुसऱ्यांदा टायर बदलायची वेळ आली, टायर पार गोटा झाले होते, आणि ज्या दुकानात गेलो तिथं तो साइज शिल्लक नव्हता. दुकानदार म्हणाला, "दादा, १८५/६५ आर १४ टाकूया, रिम तीच राहती, टायर रुंद हाय, गाडी रस्त्याला धरून चालंल, साइज जवळपास सेमच." मला पण घाई होती, टाकले चारी टायर. रस्त्यावर गाडी खरंच चांगली वाटली, वळणावर धरून जायची, म्हणून दोन महिने मी खूश होतो.

मग ऊसतोड सुरू झाली. आमचं गाव पलूसच्या पुढं, शेवटचे दोन किलोमीटर काळ्या रानातनं जाणारा रस्ता, आणि सीझनला तिथनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या अशा जातात की दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडतात आणि मधी मातीचा उंच वरंबा राहतो. दरवर्षी तिथनं गाडी जायची, कधी काही झालं नव्हतं. त्या वर्षी आई-आण्णांना घेऊन जाताना खाली "खर्रर" करून आवाज आला, पुढं अजून एकदा आला. मिस्त्रीनं गाडी वर घेतली तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, दबलेलं. नशीब फुटलं नाही, नाहीतर ऑइल सगळं रानात गेलं असतं आणि इंजिन जाम झालं असतं.

घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं की "जवळपास सेम" म्हणून टाकलेला टायर उंचीला तब्बल साडेतेवीस मिलिमीटरनं कमी होता, म्हणजे गाडी खालनं जवळजवळ १२ मिलिमीटर बसली होती. त्यानंतर मी हे सगळं नीट शिकून घेतलं, परत पैसे घातले आणि आता चार वर्षं बरोबर साइजवर फिरतोय. जे शिकलो ते क्रमानं लिहितोय, कारण आपल्याकडं माणसं टायर घेताना कंपनी कुठली आणि भाव किती एवढंच बघतात, आकड्यांकडं कुणी बघत नाही.

पहिलं काम: आकडे वाचा

टायरच्या बाजूला लिहिलेलं असतंय, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ही मिलिमीटर नाही हां, इथंच सगळे फसतात, हे टक्के आहेत, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आत धागे कसे घातलेत त्याचा प्रकार. १५ म्हणजे रिम किती इंची. ८८ हा वजनाचा आकडा आणि एच हे स्पीडचं अक्षर, त्या दोघांचं पुढं बघू.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर एक स्टिकर असतंय, त्यावर कंपनीनं दिलेला साइज आणि हवा किती ते लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. जुनी गाडी घेतली असेल तर हे लई महत्त्वाचं, कारण आधीच्या मालकानं काय टाकलंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुम्ही त्याच टायरला मूळ साइज समजून पुढचा हिशोब केला की सगळंच चुकतं. गाडीसोबतचं पुस्तक असेल तर त्यात त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज पण बघून घ्या, पुढं त्याचा लई उपयोग आहे.

दुसरं काम: व्यास काढा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. सूत्र सोपं आहे. रुंदी गुणिले टक्के भागिले शंभर, ही झाली एका बाजूच्या भिंतीची उंची. तिची दुप्पट करायची, कारण भिंत वर पण आहे आणि खाली पण. मग रिमचे इंच गुणिले २५.४ करून त्यात मिळवायचे. आला टायरचा एकूण व्यास.

माझा मूळ टायर: १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, दुप्पट २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले, एकूण ६१९.६ मिलिमीटर. चुकून टाकलेला टायर: १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३५५.६, एकूण ५९६.१. फरक २३.५ मिलिमीटर. गाडीची उंची त्याच्या निम्म्यानं बदलते, कारण चाकाच्या मधल्या बिंदूपासून जमिनीपर्यंत फक्त अर्धाच व्यास असतोय. म्हणून १२ मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण ह्या स्विफ्टला खालनं जागाच मुळात १७० मिलिमीटर, ती पण रिकाम्या गाडीला, त्यात पाच माणसं बसली आणि डिकीत पोतं टाकलं की अजून बसते.

आता याच १६५/८० आर १४ च्या जागी लोक जे जे साइज टाकतात त्यांचा हिशोब मी केलाय तो देतो:

१८५/७० आर १४: ६१४.६ मिमी, ०.८ टक्के कमी
१७५/७० आर १४: ६००.६ मिमी, ३ टक्के कमी
१७५/६५ आर १४: ५८३.१ मिमी, जवळजवळ ६ टक्के कमी
१८५/६५ आर १५: ६२१.५ मिमी, ०.३ टक्के जास्त
१९५/६० आर १५: ६१५ मिमी, पाऊण टक्का कमी
१९५/६५ आर १५: ६३४.५ मिमी, २.४ टक्के जास्त
१९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी, ०.२ टक्के जास्त

बघा म्हणजे, १८५/६५ आर १४ आणि १८५/७० आर १४, बोलताना फक्त पाचाचा फरक, पण एक चालतो आणि एक चेंबर घासतो. त्या दिवशी दुकानात ७० वाला आहे का एवढं मला विचारता आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

किती फरक चालतो? साधारण दोन टक्क्यांच्या आत राहा, तीनच्या वर तर जाऊच नका. याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, नवीन टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलावाच लागतो, नक्षीच्या खोबणीत मधी मधी जे रबराचे छोटे उंचवटे असतात ते तेवढ्याच उंचीचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे एकच टायर नव्यापासून गोटा होईपर्यंत व्यासाला १२ मिलिमीटरच्या आसपास कमी होतोय, दोन टक्के. एवढं गाडीला सवयीचं असतं. म्हणून ०.३ टक्क्याच्या फरकाची काळजी करत बसायची गरज नाही, पण मूळचेच चार टक्के कमी घेतले आणि वर झीज धरली तर गाडी कुठल्या कुठं जाते.

आणि हा हिशोब फक्त स्विफ्टचा नाही. वॅगनआरला १५५/८० आर १३ आहे तिथं वरच्या मॉडेलचा १६५/७० आर १४ टाकतात, ५७८.२ चा ५८६.६ होतो, दीड टक्का जास्त, बसतो. तुमच्या गाडीचा तुम्ही काढा, दोन मिनिटं लागतात.

मीटरवर काय होतं

स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही चाकाच्या फेऱ्यांवर चालतात. टायर लहान झाला की तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेऱ्या मारतं, मीटरला वाटतं गाडी जास्त पळाली. माझ्या चुकीच्या टायरवर मीटर १०० दाखवायचा तेव्हा गाडी खरी ९६ नं चाललेली असायची. सांगली-पुणे २३५ किलोमीटर धरले तर मीटरवर २४४ पडायचे. त्यामुळं मला अॅव्हरेज पण वाढल्यासारखं वाटत होतं, खरं २० देत असेल तर हिशोबात २०.८ यायचं, आणि मी लोकांना सांगत फिरत होतो की रुंद टायरनं अॅव्हरेज वाढलं. ते साफ चूक होतं. वर सर्व्हिस आणि वॉरंटीचे किलोमीटर पण लवकर भरतात.

उलटं केलं, म्हणजे मोठा टायर टाकला, तर मीटर कमी दाखवतो आणि गाडी खरी जास्त पळत असते. हे जास्त वाईट. १९५/६५ आर १५ वर मीटर १०० दाखवंल तेव्हा गाडी १०२ च्या वर असणार. कंपनीचा मीटर मुळातच थोडा जास्त दाखवेल असा केलेला असतो म्हणून लगेच काही होत नाही, पण हायवेवर स्पीडचे कॅमेरे आहेत, तुमची ती राखीव जागा संपते. शिवाय मोठ्या टायरला पिकअप मरतो, लोड घेऊन घाट चढताना गिअर लवकर खाली घ्यावा लागतो, आंबा घाटात किंवा महाबळेश्वरला जाताना हे लगेच कळतं.

तिसरं काम: वजनाचा आकडा खाली येऊ द्यायचा नाही

१६५/८० आर १४ वर ८५ लिहिलेलं असतंय, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. १८५/६५ आर १५ वर ८८, म्हणजे ५६० किलो. १७५/६५ आर १४ वर ८२, म्हणजे ४७५ किलो. आता बघा, हा शेवटचा टायर १६५ पेक्षा रुंद आहे, दिसायला दणकट वाटतो, पण वजन पेलायला प्रत्येकी ४० किलोनं कमी, चार टायरचे १६० किलो झाले. रुंद म्हणजे मजबूत हा समज कित्येकांचा आहे आणि तो खरा नाही. टायर वजन पेलतो तो आतल्या हवेच्या जोरावर, भिंत बुटकी झाली की आत हवा मावायची जागा कमी होते.

द्राक्षाच्या पेट्या, बेदाण्याची पोती, लग्नाला जाताना सात माणसं, आपल्याकडं गाडीवर काय काय पडतं ते सांगायला नको. आकडा मूळचा तेवढा किंवा जास्त, हा नियम मोडायचा नाही.

स्पीडचं अक्षर: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. एवढ्या स्पीडनं कुणी जात नाही पण ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो ते पण सांगतं, एप्रिल-मे मध्ये दुपारी हायवेला भरलेली गाडी दोन-तीन तास सलग चालवली तर टायर किती तापतो ते हात लावून बघा. मूळच्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

चौथं काम: रिम

रिमला आपल्याकडं डिस्क पण म्हणतात. साइज बदलताना जुनीच रिम ठेवणार असाल तर तिची रुंदी बघा, रिमवर आत कोरलेली असते, ५ जे, ५.५ जे अशी. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. १९५/६० आर १५ ला किमान ५.५ लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की टायर मधनं फुगून गोल होतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत, मधनंच झिजतो आणि वळणावर गाडी हेलकावे खाते. म्हणजे रुंद टायरचा जो फायदा हवा होता तोच जातो.

नवीन रिम घेणार असाल तर चार गोष्टी बघायच्या, आणि यातली एक पण "बसतंय की" म्हणून सोडायची नाही.

एक, बोल्टांचं वर्तुळ. स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ, चार बाय शंभर म्हणतात. फोर्ड फिगोचं चार बाय १०८, ते बसतच नाही म्हणून तिथं चूक होत नाही. धोका आहे तो जुन्या फियाट पॅलिओसारख्या ९८ च्या रिमचा, कारण दोन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, नट ओढून ओढून आवळता येतो, रिम बसल्यासारखी वाटते, पण नट वाकडा बसलेला असतो आणि चालता चालता ढिला होऊ शकतो. स्टेशनच्या मागं नाहीतर कुठं जुन्या बाजारात रिम घेताना हे आधी मोजा.

दोन, मधलं भोक. स्विफ्टच्या हबला, म्हणजे रिम ज्याच्यावर बसते त्या मधल्या गोल भागाला, ५४.१ मिलिमीटर लागतं. बाहेरच्या अलॉयचं, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिमचं, भोक बऱ्याचदा मोठं असतं, ७३.१ सुद्धा असतं, म्हणजे एकच रिम बऱ्याच गाड्यांना खपते. तिथं मधी प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग टाकावी लागते. ती नाही टाकली तर रिम बरोबर मध्यावर बसत नाही आणि ८०-९० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं, मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करतो आणि तरी थरथर जात नाही.

तीन, ऑफसेट, रिमवर ईटी लिहून पुढं आकडा असतो. हा आकडा मूळच्यापेक्षा ५ नं कमी असला तर चाक ५ मिलिमीटर बाहेर येतं, जास्त असला तर तेवढंच आत जातं. त्यात रिम अर्धा इंच रुंद असली तर दोन्हीकडं सहा-सहा मिलिमीटर अजून वाढतात. चाक लई बाहेर आलं की गाडी भारी दिसते हे मान्य, पण बेअरिंगवर जोर येतो आणि चिखल सगळा दारावर उडतो.

चार, नट. सुझुकीचा आटा १.२५ मिलिमीटरचा, ह्युंदाई आणि होंडाचा १.५ चा. जबरदस्तीनं फिरवला तर बोल्टचा आटाच जातो.

जुनी अलॉय घेताना ती बॅलन्सिंग मशिनवर फिरवून बघायला लावा, आतल्या बाजूनं वेल्डिंग केलेली रिम मी तरी फुकट दिली तरी घेणार नाही.

मी काय केलं ते सांगतो. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला, झेडडीआयला, कंपनीच १८५/६५ आर १५ देत होती. म्हणून झेडडीआयच्या कंपनीच्या जुन्या अलॉय शोधल्या, मिरजेत एकानं बदलल्या होत्या त्याच्याकडनं चार मिळाल्या. भोक, ऑफसेट, नट, सगळं कंपनीचंच, एक पण रिंग लागली नाही. माझा सल्ला सगळ्यांना हाच राहील, आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज आणि शक्यतो त्याचीच रिम. तो साइज त्या गाडीवर कंपनीनं वापरून बघितलेला असतो.

पाचवं काम: आपले रस्ते आठवा, मग इंच वाढवा

वरच्या यादीत १९५/५५ आर १६ चा व्यास मूळ टायरला अगदी जुळतो, मग तो का नको? भिंतीसाठी नको. १६५/८० आर १४ ची भिंत १३२ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ ची १२०. आणि १९५/५५ आर १६ ची १०७. व्यास तोच ठेवून रिम मोठी करत गेलं की रबर कमी होतं आणि लोखंड वाढतं. खड्ड्यात चाक गेलं की मार आधी भिंत खाते, भिंत कमी पडली की टायर रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि बाहेरनं फुगा येतो. फुगा आलेला टायर म्हणजे कधी फुटंल सांगता येत नाही, त्याला दुरुस्ती नाही, फेकायचाच. माझ्या मावसभावानं १६ इंची टाकले होते, पेठ-सांगली रस्ता चौपदरी व्हायच्या आधी जसा होता त्या दिवसांत, एका पावसाळ्यात दोन टायरना फुगे आणि एक रिम वाकडी. गाडी दिसायला देखणी होती यात वाद नाही, पण त्याला लई पैसे गेले आणि रात्री-अपरात्री रस्त्यात उभं राहावं लागलं ते वेगळंच.

रुंदीचं पण तसंच. कोरड्या डांबरावर रुंद टायर छान, ब्रेक चांगला लागतो. पण साठलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो आणि रुंद टायर पाण्यावर चढायला बघतो, स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी ऐकत नाही. सांगलीच्या शामरावनगरात पावसाळ्यात राहून बघा, किंवा हायवेला कडेच्या लेनमध्ये पाणी तुंबलेलं असतं तिथं ८० नं जाऊन बघा, नको, जाऊ नका, मी गेलोय म्हणून सांगतोय. रुंद टायर टाकल्यावर पावसात स्पीड आधीपेक्षा कमीच ठेवायचा. काळ्या मातीच्या ओल्या रानात तर रुंद टायरला एवढा चिखल चिकटतो की मडगार्डच्या आत भरून बसतो.

अजून, रुंद टायर आणि मोठी रिम वजनाला बहुतेक वेळा जास्त असते, उभ्या गाडीत स्टेअरिंग जड लागतं, अॅव्हरेज थोडं कमी होतं. माझं १८५/६५ आर १५ वर खरं अॅव्हरेज मूळ टायरपेक्षा साधारण एकानं कमी झालं, शहरात आणि हायवेला मिळून. ते मी मान्य करून टाकलंय, कारण ब्रेक आणि वळण दोन्ही सुधारलं. तुमचं सगळं फिरणं गावातल्या गावात असेल आणि गाडी साठच्या वर जात नसेल तर खरं सांगतो, मूळ साइजचाच चांगला टायर घ्या, बदलू नका. साइज दुकानात नसेल तर चार दिवस थांबा, मागवून देतात.

सहावं काम: घासतंय का बघणं

चारी टायर घ्यायच्या आधी एकच चाक बसवून बघायला मागा, ओळखीचा दुकानदार असेल तर ऐकतो. पुढच्या बाजूला बसवा, स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडं आणि एकदा पूर्ण उजवीकडं फिरवा, आतलं प्लॅस्टिक, शॉकअपची खालची प्लेट आणि लोअर आर्म (चाकाला खालनं धरणारा दांडा) यांच्यापासून बोट जाईल एवढी जागा पाहिजे. मग मागं बसवा, मागच्या सीटवर तीन माणसं बसवा आणि गतिरोधकावरनं जा. रिकाम्या गाडीत सगळंच बसतं, घासतं ते भरलेल्या गाडीत.

टायर बसवायच्या दिवशी

टायरवर आयएसआयचा शिक्का बघा. मग चार आकड्यांची तारीख, समजा २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. वर्षाच्या आतला मागा, चारी टायर एकाच सुमाराचे असले तर उत्तम. नक्षी एका दिशेची असेल तर बाजूला बाण असतो, तो गाडी पुढं जाते त्या दिशेला फिरला पाहिजे. काही टायरवर बाहेरची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं, पोरं घाईत उलटा बसवतात, तिथं उभं राहून बघा.

व्हॉल्व्ह नवीन टाकायला लावा. थोडक्या पैशांच्या रबरासाठी नवीन टायरची हवा हळूहळू जात राहते. बॅलन्सिंग चारीचं, आणि त्यानंतर अलाइनमेंट. अलाइनमेंटच्या आधी लिंक रॉड, बुश, लोअर आर्म ढिले नाहीत ना ते बघून घ्या, ढिल्या सस्पेन्शनवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

पैसे कमी असल्यानं दोनच नवीन घेणार असाल तर दोन गोष्टी. एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच साइजचे आणि एकाच नक्षीचे, डावा एक उजवा एक असं चालत नाही, ब्रेक मारला की गाडी ओढते आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याला चाकांच्या फेऱ्या वेगळ्या दिसतात. आणि नवीन जोडी मागं टाकायची. सगळे पुढं टाकतात कारण पुढचे टायर लवकर झिजतात, पण पावसात मागचं चाक सुटलं तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं साध्या माणसाच्या हातात नसतं, पुढचं सुटलं तर निदान स्पीड कमी करून आवरता येते.

नट क्रॉसमध्ये, एक आड एक आवळायला लावा, आणि साधारण १०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा पान्यानं तपासा. अलॉय नवीन असेल तर नक्कीच. पहिले दोनेकशे किलोमीटर सावकाश चालवा, नवीन टायरवर साच्यातला तेलकट थर असतो, ओल्या रस्त्यावर तो सटकतो.

हवा आणि मीटरची तपासणी

टायरच्या बाजूला जास्तीत जास्त हवेचा आकडा लिहिलेला असतो, तो भरायचा आकडा नव्हे. साइज बदलल्यावर त्याच मॉडेलच्या त्या साइजच्या व्हेरियंटला पुस्तकात जी हवा सांगितलीय तिथनं सुरू करा. मी थंड टायरला ३२ पीएसआय ठेवतो, चार-पाच माणसं आणि सामान असेल तर मागं दोन वाढवतो. सकाळी गाडी काढायच्या आधी मोजायची, हायवेवरनं आल्यावर तीन-चार जास्तच दाखवणार, ती कमी करायची नाही. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर नक्षी बघा, मधनं जास्त झिजली तर हवा जास्त आहे, दोन्ही कडांनी झिजली तर कमी, एकाच कडेनं झिजली तर अलाइनमेंट.

मीटर तपासायला पेठ नाक्यावरनं कराडच्या बाजूला सरळ मोकळा रस्ता बघून मीटरवर ८० धरा आणि शेजारच्याला मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड बघायला सांगा, चालवणाऱ्यानं बघू नये. जुन्या टायरवर एकदा आणि नवीनवर एकदा अशी दोनदा केली तरच फरक कळतो. खडूनं पण होतं, टायरवर आणि जमिनीवर खूण करून चाक बरोबर एक फेरी पुढं ढकला आणि टेपनं मोजा. हिशोबाच्या घेरापेक्षा थोडं कमीच येईल कारण वजनानं टायर खाली दबलेला असतो, पण जुना आणि नवा दोन्ही असेच मोजले की तुलना बरोबर होते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती आणि कंपनीनं मुळात दिलेली माहिती जुळत नाही. कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहिलं की तुमची बाजू भक्कम राहते, अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला तर दाखवायला पुस्तकातलं पान असतं. अलॉय बाहेरनं टाकल्या असतील तर विम्याच्या नूतनीकरणाला त्यांची किंमत सांगून पॉलिसीत अॅक्सेसरीजमध्ये लिहून घ्या, नाहीतर चोरीला गेल्या किंवा अपघातात फुटल्या तर त्यांचे पैसे मिळवताना भांडावं लागतं. टायरचं बिल साइज लिहिलेलं घ्या, नुसतं "४ टायर" असं नको.

स्टेपनी

ही सगळेच विसरतात. चार चाकं बदलली आणि डिकीत जुनीच स्टेपनी. व्यास जुळत असेल तर अडचण नाही, माझी जुनी १६५/८० आर १४ लोखंडी रिमवरची स्टेपनी नवीन चाकांपेक्षा फक्त दोन मिलिमीटरनं लहान आहे, तरी ती लावली की मी ८० च्या आतच चालवतो आणि त्याच दिवशी पंक्चर काढून मूळ चाक परत लावतो. व्यासात जास्त फरक असेल तर पुढं पंक्चर झालं तरी स्टेपनी मागं लावा आणि मागचं चांगलं चाक पुढं आणा, कारण ताकद पुढच्या चाकांना जाते आणि दोन वेगळ्या फेऱ्यांची चाकं गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या फेऱ्या मारू देणारा भाग) सतत घासत ठेवतात. पाना नवीन अलॉयच्या खोल भोकात जातो का ते घरी अंगणातच एकदा बघून घ्या, आणि बाहेरच्या अलॉयला वेगळे नट असतील तर लोखंडी रिमचे चार जुने नट पिशवीत बांधून डिकीत टाकून ठेवा. स्टेपनीत हवा दोन-चार जास्तच भरून ठेवायची, महिना महिना कुणी बघत नाही आणि लागते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात.